तुझ्या यादीत भाषेचा रकाना नाही
(पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशव्यवस्थेला खुले पत्र)

पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशव्यवस्थे,

सप्रेम नमस्कार लिहून या पत्राची सुरुवात मी करणार नाही. तुझ्यावर माझा आरोप आहे आणि तो मला चारचौघांत करायचा आहे. दरवर्षी कितीतरी तरुण डॉक्टरांना तू अशा वॉर्डांत नेऊन उभं करतेस, जिथे समोरचा रुग्ण काय बोलतोय ते त्यांना कळत नाही. याला तू गुणवत्ता म्हणतेस. मी याला निष्काळजीपणा म्हणतो.

उमेदवाराबद्दल तुला सगळं माहीत असतं. रँक, प्रवर्ग, पर्सेंटाइल, एमबीबीएस कुठून केलं, इंटर्नशिप कधी संपली. जागेबद्दलही तू सगळं छापतेस. कॉलेज, ब्रँच, कोटा, फी, विद्यावेतन, बाँड किती वर्षांचा आणि मोडला तर दंड किती. या डॉक्टरला कोणत्या भाषा समजतात, हे मात्र तू विचारत नाहीस. त्या रुग्णालयात येणारी माणसं कोणती भाषा बोलतात, हेही तू सांगत नाहीस. पुढची तीन वर्षं ज्या एका गोष्टीवर त्याचं रोजचं काम उभं राहणार आहे, तेवढीच तुझ्या यादीत नाही.

तू विचारत नाहीस म्हणून मुलं विचार करायची थांबत नाहीत. चॉइस फिलिंगच्या दिवसांत कुठल्याही हॉस्टेलवर जाऊन बघ. रँक हातात आल्यावर पहिला फोन सीनियरला जातो आणि त्यात कॉलेजमध्ये सर्जरी किती होतात याच्या आधी विचारलं जातं, "तिकडे पेशंट हिंदी बोलतात का?" इंदूरचा मुलगा तामिळनाडूतली चांगली कॉलेजं यादीत खाली ढकलतो. कोळिकोडची मुलगी नांदेड, अंबाजोगाई, यवतमाळ यांच्यावर काट मारते. मुंबईत हिंदीवर निभावून जातं, असं ऐकून अर्धा देश मुंबईची कॉलेजं वर घेतो. लातूरचा मुलगा हैदराबादला तयार असतो, कारण तिकडे दखनीवर काम भागेल असं त्याला कोणीतरी सांगितलेलं असतं. मग भाषेला लागून बाकीचे प्रश्न येतात. मेसमध्ये चपाती मिळेल का, रात्रीच्या गाडीने घर गाठता येईल का, सणाला रजा मिळेल का, वरचे लेक्चरर परप्रांतीयांना कसं वागवतात. मुलगी असेल तर घरचे वेगळाच नकाशा घेऊन बसतात, कारण अडचणीच्या वेळी शेजारच्या माणसाशी तिला बोलता यावं, ही त्यांची चिंता खरी असते.

म्हणजे भाषा आणि संस्कृती हे निकष आजही लागू आहेतच. फक्त ते फोनवर, कानगोष्टींवर आणि अर्धवट माहितीवर लागू होतात. ज्याची रँक चांगली, तो आपल्या भाषेच्या आसपास राहतो. ज्याची घसरली, त्याला उरलेलं मिळतं. जी कॉलेजं मोठ्या शहरांपासून आणि हिंदीपासून लांब आहेत, त्यांच्या वाट्याला मनाविरुद्ध आलेली मुलं अधिक येतात. जिथे रुग्णाला दुसरी भाषा अजिबात येत नाही, नेमकी तिथेच तू त्याला न समजणारा डॉक्टर पाठवतेस. हा तुझा पहिला गुन्हा.

तू न्यायालयाकडे बोट दाखवशील. त्या निकालांचा मला आदर आहे, म्हणून ते नीट मांडतो. १९८४ साली डॉ. प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वैद्यकीय शिक्षणाचे दरवाजे राज्याच्या सीमेवर बंद करता येणार नाहीत. ऑल इंडिया कोटा त्यातून आला. त्याचं प्रमाण मधल्या काळात कमीजास्त झालं आणि पुढे राज्यांच्या सरकारी कॉलेजांतल्या पदव्युत्तर जागांचा निम्मा वाटा, म्हणजे ५० टक्के, या कोट्याकडे आला. २९ जानेवारी २०२५ रोजी तन्वी बहल खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात रहिवासावर आधारित आरक्षण घटनेच्या १४व्या कलमाचा भंग करतं, असा निकाल तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दिला. त्याच संस्थेत एमबीबीएस झालेल्यांना मर्यादित प्राधान्य देण्याची मुभा तेवढी ठेवली.

भारतातल्या कोणत्याही डॉक्टरला भारतात कुठेही शिकण्याचा हक्क आहे, हे मला मनापासून मान्य आहे. देशभरची मुलं एका युनिटमध्ये काम करतात तेव्हा त्या युनिटचं भलं होतं, हे मी शिक्षक म्हणून पाहिलं आहे. पण जागेचा हक्क मिळाला म्हणून रुग्णाचं बोलणं कळायला लागत नाही. हक्क न्यायालयाने दिला. तो हक्क वॉर्डात निभावता येईल अशी तयारी करून घेणं तुझं काम होतं. ते तू कधी हाती घेतलंच नाहीस.

तुझा कारभार चार घरांत वाटलेला आहे आणि त्यामुळे सगळ्यांची सोय झाली आहे. परीक्षा राष्ट्रीय परीक्षा मंडळ घेतं. केंद्रीय कोट्याच्या फेऱ्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटी चालवते. अभ्यासक्रम राष्ट्रीय वैद्यकीय आयोग ठरवतो. रुग्णालय राज्य सरकारचं किंवा महापालिकेचं. भाषेचा प्रश्न काढला की प्रत्येकजण पुढच्या दाराकडे पाठवतो. बारावीच्या मुलाला नीटची प्रश्नपत्रिका मराठीसह १३ भाषांत मिळते, ते योग्यच आहे. पण पदव्युत्तर परीक्षा फक्त इंग्रजीत होते आणि त्या टप्प्यावर भारतीय भाषा तुझ्या विचारातून पूर्ण निघून जातात. नेमक्या त्याच टप्प्यावर डॉक्टरच्या हातात खरा रुग्ण येतो.

रुग्णाचं ऐकण्याला वैद्यकशास्त्रात किती वजन आहे, हे तुला सांगावं लागतंय याचं दुःख आहे. १९७५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांचा एक साधा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाह्यरुग्ण विभागात नव्याने आलेले ८० रुग्ण त्यांनी पाहिले. सोबत आलेली चिठ्ठी वाचून आणि रुग्णाची हकिगत ऐकून डॉक्टरांनी जे निदान केलं, ते ६६ जणांच्या बाबतीत अखेरच्या निदानाशी जुळलं. शारीरिक तपासणीने फरक पडला तो ७ जणांत आणि प्रयोगशाळेने आणखी ७ जणांत. यंत्रं तेव्हापासून खूप सुधारली. पण कोणतं यंत्र लावायचं हे आजही हकिगत ऐकूनच ठरतं.

आता बीड किंवा हिंगोलीकडची साठीतली बाई ओपीडीत येते तेव्हा काय होतं ते ऐक. ती सांगते, छातीत भरून आल्यासारखं होतंय, जिना चढताना धाप लागते, परवा घेरी आली, हातपाय गळून गेले. दुसरी सांगते, छातीत जळजळतंय, उमासे येतायत, रात्री पोटात मुरडा येतो. तिसरी म्हणते, धडधडतंय आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. हृदयाचा झटका, पित्त, रक्तक्षय, हृदयाच्या ठोक्यातला बिघाड यांच्यातली पहिली विभागणी या शब्दांत होऊन गेलेली असते. भाषा न येणाऱ्या जेआर-वनच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरच्या, केसपेपरवर या तिघींच्या नावापुढे एकच नोंद पडते, छातीत दुखणं. मग तिघींचे ईसीजी, तिघींची रक्तं, तिघींच्या सोनोग्राफीच्या चिठ्ठ्या. जिला तातडीने आत घ्यायला हवं होतं, तीही रांगेत बसते.

मध्ये दुभाष्या कोण असतो, तर वॉर्डातले मामा किंवा मावशी. ते बिचारे स्ट्रेचर सोडून येतात, मदत करतात. बाई चार मिनिटं बोलते आणि मामा एका वाक्यात सांगतात, "पेट में दर्द बोलती है, सर." मामांचा यात काही दोष नाही. ते काम त्यांचं नाही, त्याचं प्रशिक्षण नाही, त्याचे पैसेही त्यांना मिळत नाहीत. मामा नसले की नातेवाइकाला पुढे करतात, आणि तिथे खरं नुकसान होतं. पाळी चुकलीय, अंगावरून जातंय, नवरा मारतो, आधी एकदा गर्भ पाडला होता, हे कोणती बाई आपल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडून डॉक्टरला सांगेल? ती गप्प बसते आणि केसपेपरवर 'विशेष काही नाही' असं लिहिलं जातं. अमेरिकेत २०१०च्या आरोग्यसेवा कायद्याच्या १५५७व्या कलमाखालच्या नियमांनी, जिवावर बेतल्याची वेळ सोडली तर, लहान मुलांना दुभाषी म्हणून वापरायला मनाई केली आहे. आपल्या सरकारी रुग्णालयांत ती रोजची पद्धत आहे आणि तिच्यावर कुणी आक्षेपही घेत नाही.

संमतीपत्राचं तर बोलायलाच नको. ऑपरेशनचे धोके समजावून सांगणं ही डॉक्टरची कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी आहे. भाषा नसलेला डॉक्टर अंगठा घेतो आणि पुढच्या खाटेकडे जातो. पुढे काही बिघडलं की नातेवाईक म्हणतात, आम्हाला कुणी काही सांगितलंच नाही. ते खोटं बोलत नसतात. जमलेल्या घोळक्यापुढे त्या रात्री उभा राहतो तो पंचविशीतला निवासी डॉक्टर. तू तिथे नसतेस.

त्या डॉक्टरचीही बाजू मला तुझ्यापुढे ठेवायची आहे, कारण तू त्याचीही अपराधी आहेस. आपल्या कॉलेजात तो हुशार म्हणून ओळखला जायचा. इथे पहिल्या आठवड्यापासून तो सगळ्यात मंद ठरतो. एक हकिगत घ्यायला त्याला दुप्पट वेळ लागतो, त्यासाठी वरिष्ठ ओरडतात, सिस्टर वैतागतात, रुग्ण हसतात. जेवायला तो आपल्या भाषेच्या दोघाचौघांत बसतो आणि हळूहळू तेवढ्यातच राहतो. जागा सोडावी म्हटलं तर अनेक राज्यांत सीट सोडण्याचा दंड घरादाराला परवडणारा नसतो. तो टिकून राहतो, तीन वर्षं काढतो आणि जाताना ठरवून जातो की इथे परत यायचं नाही. त्याला इथे टिकवता आलं असतं. त्याच्या मनाविरुद्धची जागा आवडीची करता आली असती. त्यासाठी फार पैसा लागला नसता, आस्था लागली असती.

परदेशाकडे बघ, कारण आपली मुलं तिकडेही जातात. मराठी डॉक्टरला जर्मनीत रेसिडेन्सी हवी असेल तर तो आधी पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनासारख्या ठिकाणी नाव घालतो. सर्वसाधारण जर्मनची बी-टू पातळी गाठतो आणि मग फाखश्प्राखप्र्यूफुंग नावाची वैद्यकीय भाषेची परीक्षा देतो. तिच्यात २०-२० मिनिटांचे तीन भाग असतात. पहिल्यात रुग्णाशी बोलून हकिगत घ्यायची, दुसऱ्यात ती लिहून काढायची, तिसऱ्यात ती दुसऱ्या डॉक्टरला सांगायची. डॉक्टरला आजार किती कळतात हे ती परीक्षा पाहत नाही. त्याला माणूस कळतो का आणि माणसाला तो कळतो का, एवढंच पाहते. ब्रिटनमध्ये इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत एकूण ७.५ आणि प्रत्येक भागात किमान ७, किंवा ओईटीमध्ये 'बी' श्रेणी लागते. म्यूनिकला निघालेला मराठी डॉक्टर वर्ष-दीड वर्ष भाषेची पुस्तकं घेऊन बसतो. मदुराईला निघालेल्या त्याच्या मित्राला तू हॉस्टेलच्या खोलीची किल्ली देतेस आणि सोमवारपासून ड्यूटी लावतेस. मदुराईचा रुग्ण म्यूनिकच्या रुग्णापेक्षा कमी महत्त्वाचा आहे, असं तुला वाटतं का? तसं वाटत नसेल तर तुझ्या वागण्यात ते दिसू दे.

आपल्या नागरिकांना प्रवेशाआधी भाषेची परीक्षा लावावी, असं मी म्हणत नाही. तसं केलं तर गरीब घरची, लहान गावची मुलं सगळ्यात आधी बाहेर पडतील आणि प्रत्येक राज्य भाषेचं निमित्त करून दार लावून घेईल. माझी मागणी प्रवेश झाल्यानंतरच्या तयारीची आहे.

मराठीचा अभिमान म्हणून मी हे लिहितोय असंही समजू नकोस. पुण्याचा मराठी डॉक्टर मेळघाटात गेला की कोरकू बोलणाऱ्या आईपुढे तोही परका असतो. नंदुरबारच्या डोंगराळ भागात भिली आणि पावरी, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया. पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करण्याची सक्ती तू केलीस, हे चांगलं केलंस. पण त्या जिल्ह्याची भाषा शिकवायला तीन दिवसही ठेवले नाहीस. १९७३ साली प्रकाश आणि मंदाकिनी आमटे हेमलकशाला गेले तेव्हा ते माडिया शिकले. मेळघाटातल्या बैरागडला रवींद्र आणि स्मिता कोल्हे राहिले ते तिथल्या कोरकू माणसांत मिसळून. कुणाच्या हुकमाची त्यांनी वाट पाहिली नाही. पण एखाददुसऱ्या माणसाच्या तपश्चर्येवर देशाची आरोग्यसेवा चालत नसते. त्यांनी जे मनाने केलं, ते तुला नियमाने करून घ्यायचं आहे.

रुग्णही तुझ्या राज्यांच्या सीमा पाळत नाहीत. सिंधुदुर्गातला माणूस बिघडलं की बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज गाठतो आणि तिथे कोकणीच्या बरोबरीने मालवणी-मराठी ऐकावी लागते. बेळगावच्या रुग्णालयात कन्नड आणि मराठी एकाच बाकावर बसतात. तिथल्या मराठी आजीला तिचं दुखणं मराठीत सांगता यावं असं आपल्याला वाटतं ना? मग सोलापूरच्या रुग्णालयात कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या आजीलाही तोच हक्क आहे.

तू हात झटकलेस की रिकामी जागा कोण भरतं, तेही बघ. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारी कार्यालयांत मराठीत बोलणं बंधनकारक केलं. आदेश निघाला, फलक लागतील. पण रात्रीच्या कॅज्युअल्टीत उभ्या असलेल्या ओडिया मुलीला मराठी शिकवणार कोण, याचं उत्तर फलकावर नसतं. शिकवायची व्यवस्था नसली की उरते ती दमदाटी. भाषा येत नाही म्हणून डॉक्टरला धमकावणारे आणि त्याचं चित्रीकरण करून मिरवणारे लोक रुग्णाचे कैवारी नाहीत. मात्र त्यांच्या हाती हे कोलीत तू दिलंस.

तुला हे जमत नाही, असं म्हणायलाही जागा नाही. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या पायाभूत अभ्यासक्रमात भाषा शिकवायला आयोगाने स्वतः जागा ठेवली आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला संशोधनपद्धती, नीतिशास्त्र आणि हृदयविकाराच्या आणीबाणीतले उपचार, हे तीन अभ्यासक्रम सक्तीचे आहेत. चौथ्याची भर घालायला कायदा बदलावा लागत नाही. परीक्षेतही सोय आहे. एमडीच्या लाँग केसमध्ये विद्यार्थी रुग्णापाशी बराच वेळ एकटा बसून हकिगत घेतो. मग परीक्षकांपुढे इंग्रजीत मांडतो. रुग्णाशी तो कसा बोलला, बोलला की ज्युनियरकडून बोलून घेतलं, हे कुणी पाहत नाही. त्या खाटेपाशी एका परीक्षकाने दहा मिनिटं उभं राहावं, एवढ्याने बरंच बदलेल.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. प्रत्येक कॉलेजपुढे तिथले रुग्ण कोणत्या भाषा बोलतात आणि त्या शिकवायची काय सोय आहे, हे छाप. त्याने उमेदवार पळणार नाहीत. नांदेडमध्ये मराठी नीट शिकवतात हे कळलं तर कोळिकोडची मुलगी नांदेडवर काट मारायच्या आधी दोनदा विचार करेल. पहिल्या तीन महिन्यांत, ड्यूटीच्या वेळेत, आठवड्यातून ठरलेले तास स्थानिक भाषेला दे. चोवीस तासांच्या ड्यूटीनंतर डोळे मिटत असताना दिलेला तास मी धरणार नाही. शिक्षकाला मानधन दे. व्याकरण नको, हकिगत घेणं, धीर देणं, वाईट बातमी सांगणं आणि औषध कसं घ्यायचं ते समजावणं शिकव. सहा महिन्यांनी खाटेपाशी त्याची परीक्षा घे आणि नापास झाला तर पुन्हा शिकव, शिक्षा करू नकोस. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात प्रशिक्षित दुभाष्यांची पदं भर. कोरकू, माडिया, पावरी जाणणाऱ्या तरुणांना त्यातून पगाराचं काम मिळेल. आणि परप्रांतातून आलेल्या प्रत्येक निवासी डॉक्टरला पहिल्या वर्षी एक वरिष्ठ सोबती नेमून दे, ज्याला कामाचं आणि जेवणाचं दोन्ही विचारता येईल.

यात खर्च आहे. पण न समजलेल्या हकिगतीमुळे रोज होणाऱ्या अनावश्यक तपासण्यांचा, उशिरा लागलेल्या निदानांचा आणि अर्ध्यात सुटलेल्या उपचारांचा खर्च आज रुग्ण भरतोय. तो तुझ्या हिशेबात धरला जात नाही, म्हणून तुला स्वस्त वाटतं.

तोवर एक गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत राहणार आहे. भाषा न कळल्यामुळे निदान चुकलं तर त्या चुकीचं ओझं एकट्याने वाहू नका. शिका, धडपडा, रुग्णाची माफी मागा, पण हेही लक्षात ठेवा की तुम्हाला तयारीशिवाय तिथे कुणी पाठवलं. ती जबाबदारी तुझी आहे. ती तू स्वीकारेपर्यंत मी हे प्रत्येक बैठकीत, प्रत्येक परीक्षेत आणि प्रत्येक वर्गात विचारत राहीन.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
एक वैद्यकीय शिक्षक